आबांच्या चाकूची सपाट बाजू

डेटन, ओहायो
१७ ऑगस्ट १९९८

ती. दादास,

वाकून नमस्कार इथूनच. सुखरूप पोचलो. नाशकात द्वारका चौकात टॅक्सीत बसवताना तू जो डबा हातात कोंबलास, त्यातल्या ठेच्याने विमानतळावर गोंधळ घातला. तपासणीवाल्या गोऱ्याने झाकण उघडून वास घेतला आणि त्याला अशा शिंका सुटल्या की ठेचा त्याने ठेवून घेतला आणि मला नुसत्या हाताच्या खुणेने पुढे हाकललं. भाकरी तेवढी वाचली.

सुट्टीत पाहुणेरावळे झाले, गडावर जाऊन आलो, पण खरं सुख कशात मिळालं सांगू? तुझ्या पडवीत बसून आबांचा कलमाचा चाकू घासला त्यात. पाचवीपासून मी नाशकात वसतिगृहात. सुट्टीला घरी आलो की आबा तो चाकू मिटून खिशात टाकायचे आणि म्हणायचे, "तू लांब ऱ्हाय, बोट कापशील. तुला इंजिनेर व्हायचंय." तुला आणि ताईला मात्र ते दगडाशी बसवायचे. या वेळी तू तो चाकू स्वतःहून माझ्या हातावर ठेवलास. मला काय वाटलं ते माझं मलाच ठाऊक.

धार लावायची पेटी तुझ्याकडेच ठेवून आलो आहे. काम सोपं आहे. चिमट्यात पातं पकडायचं. चिमट्याला भोकं आहेत, प्रत्येक भोक म्हणजे एक ठरलेला कोन. भोकातून सळई जाते आणि सळईच्या टोकाला दगड असतो. हात कितीही थरथरला तरी दगड त्याच कोनात चालणार. आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी चामड्यावर हिरवी पेस्ट लावून झिलई. इथले लोक रविवारी हौसेने हे करत बसतात. आपल्याकडे कोणी बसलं तर म्हणतील, कामधंदा नाही का याला?

एक गंमत सांगायची राहिली. आबांनी आयुष्यभर त्या चाकूची एकच बाजू घासली होती. दुसरी बाजू तशीच सपाट, कोरी. आळस म्हणावा की घाई, देव जाणे. मी तीही बाजू उतरती करून घेतली, सगळा वेळ त्यातच गेला. आता दोन्हीकडे सारखा उतार आणि वर आरशासारखी चकाकी. संध्याकाळी तू बागेतून आलास, चाकू उघडून पाहिलास, पात्याच्या दोन्ही बाजूंवरून अंगठा फिरवलास. मग पाठीवर थाप मारलीस. दादा, आबांनी अशी थाप मला कधी दिली नव्हती.

वहिनींना नमस्कार.

तुझा
सुनील

•

मोहाडी, ता. दिंडोरी
६ सप्टेंबर १९९८

चि. सुनील यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. ठेचा गेला हे ऐकून तुझ्या वहिनीने दिवसभर अमेरिकेला शिव्या घातल्या. पुढच्या खेपेला ती तो तुझ्या बुटात लपवून देणार आहे.

चाकूत तोंड दिसतं. शेजारचा हिरामण आला होता, त्याने पात्यात बघून मिशा सारख्या करून घेतल्या. हाताला तो जरा निराळा लागतो, पण नवी सून आणि नवी धार, दोघींना रुळायला वेळ द्यावा लागतो. तू मनापासून केलंस, ते मला पोचलं. याउपर काय लिहू?

आता तुझ्या ताईचं ऐक. सुट्टीत तुझ्यासमोर हा विषय काढू नका म्हणून तिने सांगितलं होतं. तुझे दाजी गेल्यापासून तिचा दीर गोरक्ष तिच्या वाट्याची बाग मागतो आहे. "बाईमानसाला बाग व्हत नाय, मी कसतो, तुमी दोन घास खा," असं त्याचं म्हणणं. मालन ऐकणारी आहे का? जुनी बाग खाऱ्या पाण्याने बसलीच होती, ती तिने उपटली आणि जंगली खुंट लावले. या खुंटाला खारं पाणी सोसतं. त्याच्यावर आपल्या द्राक्षाची काडी बसवायची, की झाली बाग. भावकीत ठरलं आहे की संक्रांतीला पंच येऊन बघतील. कलमं उभी असली तर बाग तिच्याकडे राहील. नसली तर गोरक्ष कसणार, आणि आपल्या बहिणीने त्याच्या ओसरीवर बसून त्याचं धान्य निवडायचं.

कलमं मी भरणार. तिने बजावून सांगितलं आहे, आबांच्याच चाकूने. आपल्या घरात पहिल्यापासून तीच रीत आहे, घरच्या बागेला दुसरं पातं लागलेलं नाही. माझ्याकडे बाजारातून घेतलेला चाकू आहे, पण तो तिला चालत नाही, आणि आता तर आबांच्या चाकूवर तुझेही कष्ट आहेत. परवा तिच्याकडे वडनेरला जातो.

तू काळजी करू नकोस. चाकू कसाही असो, हात रंगनाथचा आहे. माझं कलम वाळलेलं या तालुक्यात कोणी दाखवावं आणि माझी टोपी घेऊन जावी.

थंडीत कान झाकत जा.

रंगनाथ

•

डेटन, ओहायो
२८ सप्टेंबर १९९८

ती. दादास,

"चाकू कसाही असो" हे वाचून मी एकटाच हसत बसलो. तुझं कौतुक करणं म्हणजे असंच, फणसासारखं, आधी काटे मोजायचे. निराळा लागतो म्हणतोस ना? लागणारच! इतकी वर्षं अर्धाच चाकू वापरत होतास, आता पुरा मिळाला.

ताईचं वाचून वाईट वाटलं. मला कोणी काही सांगत नाही, ही या घराची जुनी खोड आहे. असो. एव्हाना कलमं भरून झाली असतील. बागेचा एक फोटो काढून पाठव, त्यात तू आणि हातात उघडा चाकू असा. माझ्या कारखान्यातल्या मित्रांना दाखवायचा आहे. त्यांना खरं वाटत नाही की एवढ्याशा पात्याने माणूस आख्खी बाग उभी करतो.

आमच्या धंद्यात पहिली गोष्ट शिकवतात ती ही की माणसाच्या हातावर भरवसा टाकायचा नाही. म्हणून तर चिमटा आणि सळई. पेटी वापरत जा. धार उतरली की पुन्हा दोन्ही बाजूंना, त्याच भोकातून. आता नाचता येईना अंगण वाकडं म्हणायची सोयच मी तुला ठेवली नाही.

आबांचं सगळंच एकतर्फी होतं, नाही? तुला बाग, मला वसतिगृहाची खाट. चाकूसुद्धा एकाच बाजूने. निदान चाकूचं तरी मी निस्तरलं.

सुनील

•

वडनेरभैरव, ता. चांदवड
९ नोव्हेंबर १९९८

चि. सुनील,

आशीर्वाद. तुला यातलं काही लिहू नको असं दादाने सांगितलं आहे. पण दादाचं ऐकायचं मी सोडलं आहे.

कलमं दसऱ्याच्या आत फुटली. पोपटी कोंब, बोटाच्या पेराएवढे. मी सगळ्या गल्लीत साखर वाटली. गोरक्ष भाऊजी बांधावर येऊन बघून गेले, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. दसऱ्याला दादा आला तेव्हा आबांचा चाकू पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिलं. तुझी झिलई अशी होती की समईची ज्योत त्यात दिसत होती. तेव्हा मला वाटलं होतं, माझे दोन्ही भाऊ माझ्या पाठीशी उभे आहेत.

वसुबारसेच्या सुमाराला कोंबांनी माना टाकल्या. आधी वाटलं पाणी कमी पडलं, पाणी दिलं. मग वाटलं जास्त झालं, तोडलं. पण दुखणं पाण्याचं नव्हतंच. काडीच्या पोटात होतं नव्हतं तेवढ्यावर ती फुटली होती, खालच्या खुंटातून वर काही चढलंच नाही. जोड बसलाच नव्हता. दिवाळीच्या पणत्या लावत होते आणि बाहेर ओळीच्या ओळी वाळत होत्या. एखाददुसरं कलम हिरवं राहिलं, तेही मला वाकुल्या दाखवायला.

भाऊबीजेला दादा आला. ओवाळलं. त्याने ताटात घातलेली साडी मी उचलली नाही. गोरक्ष भाऊजी दारातच उभे होते. मी त्यांच्यादेखत म्हणाले, "दादा, लोकांच्या बागा तू हिरव्या केल्या आन् सख्ख्या बहिनीची जाळली. तुझ्या हाताचा गुन गेला."

तो म्हणाला, "डोळ्यानं दगा दिला गं. दिसत नाय पहिल्यावानी."

खिशातून आबांचा चाकू काढून त्याने कोनाड्यात ठेवला आणि ताटावर न बसता एस. टी.ला निघून गेला. मी अडवलं नाही.

माझ्या तोंडचं ते वाक्य भाऊजींनी पार पिंपळगावच्या बाजारापर्यंत पोचवलं. ज्यांनी दादाला कलमं भरायला बोलावलं होतं त्यांनी घरी माणूस पाठवून नको म्हणून सांगितलं. आपल्याकडे तुला माहीत आहे, कलमवाल्याच्या हातात गुण नाही म्हटलं की त्याला कोणी बागेच्या बांधावर उभं करत नाही.

तू शिकलेला आहेस म्हणून विचारते. माणसाचा हात असा एकाएकी जातो का रे?

मालनताई

•

डेटन, ओहायो
५ डिसेंबर १९९८

ती. ताईस,

तुझं पत्र वाचून सुन्न झालो. तरी रागाच्या भरात दादाला तोडून बोलू नकोस, त्याचा हेतू वाईट नव्हता.

तू विचारलंस म्हणून स्पष्ट लिहितो. हो, हात जातो. पन्नाशी उलटली की नजर कमी होते, बोटं थरथरतात, आणि माणूस ते स्वतःशीही कबूल करत नाही. दादाला नाशकात चांगल्या डॉक्टरला दाखवून चष्मा घेऊन दे. चाकूला तर बोल लावता येणार नाही, तो मी माझ्या हाताने तयार केला आहे, केसाला लावला तर केस तुटेल. म्हणजे दोष उरतो तो डोळ्याचा नाहीतर हाताचा. खरं म्हणजे ही कामं आता तरुण पोरांनी करावीत. दादाने पुष्कळ केलं, आता बसून खावं.

बागेबद्दल माझं मत विचारशील, तर गोरक्षला कसू दे. तो काही परका नाही. तुझी दगदग तरी वाचेल.

दादाला मी यातलं काही लिहीत नाही. उगाच त्याला लागेल.

तुझा
सुनील

•

वडनेरभैरव
१९ सप्टेंबर १९९९

सुनील,

तुझ्या डिसेंबरच्या पत्राला इतके महिने उत्तर दिलं नाही, कारण ते वाचून जे सुचलं होतं ते कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं.

संक्रांतीला पंच बागेत फिरले आणि बाग भाऊजींकडे गेली. मी त्यांच्या ओसरीवर बसून धान्य निवडते. जाऊबाई मधूनमधून सुपात डोकावून खडे राहिले का बघतात. तुझ्या म्हणण्याप्रमाणे दगदग मात्र वाचली आहे.

दादाने त्या दिवाळीपासून चाकू धरलेला नाही. चष्मा घेतला. डॉक्टर म्हणाले की नजर पोरासारखी आहे, वाचायला तेवढा लावा. तरी तो ओट्यावर बसून असतो. कोणी कलमाचा विषय काढला की आत निघून जातो.

यंदा हंगाम आला तेव्हा मी ठरवलं की आता आपणच शिकायचं. बांधाकडेचे थोडे खुंट भाऊजींच्या माणसांनी सोडून दिले होते. भाऊजी हसले, "करा, वहिनी, हौस फेडा." मी कोनाड्यातून आबांचा चाकू काढला. काडीची पाचर तासायची तर काप फळीसारखा सपाट हवा, तरच ती खुंटाच्या खाचेत अंगाला अंग लावून बसते. माझा काप काही सपाट येईना. पातं लाकडात शिरायचं आणि मध्येच उसळून वर यायचं, काप गोलसर व्हायचा. म्हटलं, शिकाऊ हात, होईल हळूहळू. बोटं सोलून निघाली तरी होईना. मग भाऊजींच्या माणसाचा साधा बाजारचा कलमाचा चाकू मागून घेतला, आणि पहिलाच काप सरळ आला.

दोन्ही चाकू मांडीवर ठेवून बघत बसले. आणि मला आबा आठवले. ते धार लावताना मी दगडावर पाणी सोडायची. सपाट बाजूला ते दगड लागू द्यायचे नाहीत. एकदा माझ्याकडून लागला तर कानफटात बसली होती. "ही बाजू पाट हाय पोरी. पाट ग्येला तर काप ग्येला." लहानपणी कानफटात तेवढी लक्षात राहिली, बोलणं विसरले होते. नाहीतर दसऱ्याला त्या चाकूला कुंकू लावताना मला दिसलं नसतं का?

कलमाचा चाकू एका बाजूने सपाटच असतो, सुनील. तो आळस नव्हता आणि घाईही नव्हती. तुझ्या सळईने आणि चिमट्याने तू त्याचा भाजी चिरायचा चाकू केलास. करायला गेलास गणपती आणि झाला मारुती. सरपणात टाकलेली दादाची वाळलेली कलमं मी शोधून काढली आणि जोडावरच्या पट्ट्या सोडून पाहिल्या. जोडात फट, आणि फटीत काळं. जे उघडलं त्यात तेच.

मोहाडीला गेले. चाकू दादापुढे ठेवला, तर त्याने तो बाजूला सारला. मग म्हणाला, "त्यानं हातात दिला तव्हाच कळलं व्हतं."

"मंग बोलला का नाय?"

"काय बोलू? पोरगं आबाचा चाकू मांडीवर घिऊन दिवस दिवस बसलं. जल्मात पहिल्यांदा घरच्या कामाला हात लावला त्यानं. त्याला म्हनू का, तू वाटोळं केलं?"

"तुझ्याकडं दुसरा चाकू व्हता ना?"

"तू आबाचाच मागितला. आन् मला वाटलं, मनगट वाकडं धरलं की भागंल. हात सांभाळून घिईल. नाय घेतला. चांगला हात आसता तर घेतला आसता."

ऐकलंस? चाकूला तो दोष देतच नाही. हातालाच देतो. वर मला दम भरला, "सुनीलचं नाव यात काढायचं नाय."

मी काढते आहे. आबांचाच चाकू हवा हा हट्ट माझा होता आणि चारचौघांत त्याच्या हाताचं बोलले तीही मीच. ते मी त्याच्या पायावर डोकं ठेवून सांगितलं. तर म्हणतो, "तू माझी समजूत घालती." माझं त्याला खरं वाटत नाही. तुझं वाटेल. तू कारखान्यातला, तू सांगितलं की त्याला ते छापल्यासारखं वाटतं. त्याला एक ओळ लिही, ‘दादा, चाकू मी बिघडवला, तुझा हात चांगला आहे.’ दुसरं काही नको. बाग मी मागत नाही, ती गेली. दादाने पुन्हा चाकू धरावा एवढंच मला हवं आहे.

मालनताई

•

डेटन, ओहायो
२४ ऑक्टोबर १९९९

ती. ताईस,

पत्र मिळालं. बरेच दिवस उघडून ठेवलं होतं टेबलावर. तू रागात आहेस हे दिसतंच आहे, तरी जरा शांतपणे बघ.

पहिली गोष्ट, नुसत्या चाकूने आख्खी बाग वाळली हे कशावरून? काडी शिळी असेल, ऊन जास्त पडलं असेल, खुंटातच दोष असेल. एका हंगामावरून असा निकाल आमच्याकडे कोणी मान्य करणार नाही. दुसरी गोष्ट, दादाला कळलं होतं असं तूच लिहितेस. कळूनही ज्याने तो चाकू वापरला, त्याची काहीच जबाबदारी नाही का? एक शब्द बोलला असता तर मी पेटी काढून पुन्हा सपाट करून दिला असता.

आणि मला कोणी सांगितलं होतं, ताई? तुला कानफटात बसली म्हणून तुला कळलं. मला ती कानफटातसुद्धा कधी मिळाली नाही. सुट्टीला यायचो तेव्हा आई माझ्यासाठी गोडधोड करायची आणि आबा माझ्याशी जपून बोलायचे. पाहुणा होतो मी त्या घरात. पाहुण्याच्या हातात चाकू कोण देतं? या एका सुट्टीत वाटलं होतं की मी घरचा झालो. ते तुम्ही दोघांनी मिळून काढून घेतलंत. आता त्याच दादाला मी लिहायचं की चुकलो?

तरी मी अंग चोरत नाही. इथल्या कॅटलॉगात बघून दादासाठी जर्मन कलमाचा चाकू मागवला आहे. मिटता, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, एक बाजू अगदी सपाट, तुझ्या मनासारखी. तो मोहाडीच्या पत्त्यावर येईल. असा चाकू अख्ख्या नाशिक जिल्ह्यात कोणाकडे नसेल. हातात आला की दादा आपोआप कामाला लागेल, कलमवाला तो कलमवालाच. लिहिण्याबिहिण्यापेक्षा हे बरं. शब्दांनी माणसं नुसती कानकोंडी होतात.

सुनील

•

वडनेरभैरव
२० जानेवारी २०००

सुनील,

पार्सल पोचलं. दादाने मला निरोप पाठवून मोहाडीला बोलावून घेतलं, ताई आल्याशिवाय उघडायचं नाही म्हणून ते तसंच देवासमोर ठेवलेलं होतं. मी गेले तर हा दाढी करून, धुतलेला सदरा घालून पडवीत बसलेला. हिरामण होता, आळीतली आणखी चार माणसं होती. शेजारी ओल्या फडक्यात द्राक्षाच्या काड्या गुंडाळून ठेवलेल्या. हंगाम नाही, काही नाही, आपल्या नुसत्या चाकू पारखायला. त्याला असा मी दिवाळीच्या आधीपासून, त्या मागच्या दिवाळीच्या आधीपासून, पाहिला नव्हता.

खोकं उघडलं. चाकू त्याने आधी काढलाच नाही. खोक्यात हात घालून चाचपत राहिला. एक छापील कागद निघाला, तो उलटासुलटा करून पाहिला, चष्मा लावून पाहिला. मग मला हळूच विचारलं, "चिठ्ठी नाय का गं त्याची?"

मी म्हणाले, "मागून येतीय. येगळी टाकली म्हनं पोस्टात." खोटं बोलले. चार माणसांत त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही म्हणून बोलले.

मग त्याने चाकू उघडला. डाव्या हातात घेतला आणि काडीला लावला. उचलला. पातं फिरवून पाहिलं, पुन्हा लावला. उतार लाकडाकडे येत होता आणि सपाट बाजू वर, आभाळाकडे. हिरामण म्हणाला, "काय झालं, भाऊ?" दादाने चाकू उजव्या हातात घेतला, एक काप मारायला गेला आणि काडीऐवजी अंगठा तासला. रक्त फडक्याला पुसलं. माणसांना म्हणाला, "लय भारी वस्तू हाय. माझ्या भावानं धाडली." मिटून पुन्हा खोक्यात ठेवला, आणि गायीला पाणी दाखवायचं राहिलं म्हणून उठून गेला.

सुनील, दादा डावखुरा आहे. आबाही डावखुरे होते, म्हणून तर त्यांचा चाकू दादाच्या हातात आपसूक बसला. मास्तरांनी छड्या मारून त्याला लिहायला उजवा केला आणि आईने जेवायला. बाकी विळा, कोयता, चाकू, सगळं डाव्यात. कलमाचा चाकू उजव्याचा निराळा असतो आणि डाव्याचा निराळा. हे तुला ठाऊक नसेल. चाकूचं तुला कोणी शिकवलं नाही, हे तुझं म्हणणं मी मान्य करते, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. पण आपला भाऊ कोणत्या हाताचा आहे, हे तुला कोणी शिकवायला बसायचं होतं? तुझ्या पाठीवर थाप मारली तो हात कोणता होता, एवढं तरी आठवून बघ.

डावा चाकूही मिळतो का, हे त्या कंपनीला विचारून मला कळवू नकोस. दुसरं पार्सल आलं तर मी स्वतः जाऊन ते दारातून परत पाठवीन.

दादा अजून ओट्यावर बसून असतो. वहिनी सांगत होती, पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर वळली की तो उठून उभा राहतो. सायकल पुढे निघून गेली की वहिनीला विचारतो, अमेरिकेचं टपाल यायला किती दिवस लागत्यात गं.

मालन